धोंडुबाईचं कोपर

गणपतराव गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी धोंडुबाई त्यांच्या वाटणीच्या म्हशींखाली धारेला बसली. म्हशींना कुठलं सुतक? नवरा-बायको निम्म्या-निम्म्या म्हशी पिळायचे. आता सगळ्या तिच्याच हातावर आल्या. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोरच पिळायच्या; तिथं धारेच्या ताज्या दुधासाठी थांबलेली गिऱ्हाइकं म्हणाली, "बाई खंबीर हाय." खंबीर कसली डोंबलाची! तिला काही वाटतच नव्हतं. रडू नाही, भूक नाही.

चार महिन्यांत उजवं कोपर ठणकायला लागलं. लुगडं पिळता येईना, पीठ मळता येईना. हळदीचा लेप बांधून ती तशीच धारा काढत राहिली. शेवटी सून क्रांतीनं तिला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी कोपराचं बाहेरचं हाड दाबलं, तशी ती कळवळली.

"आजी, वात-बित काही नाही. मनगट उचलणारे स्नायू इथं हाडाला चिकटतात. अंगठा मुडपून एवढ्या म्हशी पिळल्या तर ती जागा दुखावणारच. दीड महिना धार बंद. बर्फानं शेका, पट्टा बांधा, ठणका उतरला की व्यायाम दाखवते. अन् पुढं धार काढाल ती पूर्ण मुठीनं."

"बंद? अवो, म्हशी आटतील की! आमा दोघांबिगर कुणाला पान्हा सोडत न्हाईत."

खरं भ्या म्हशींचं नव्हतंच. हात थांबला तर दिवसभर बसून करायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्रांती धारेला बसली. म्हशीनं लाथेसरशी चरवी उडवली. पोरगीही हट्टाची! घरी गेली, सासूचं रोजचं जुनेर नेसून आली आणि पुन्हा बसली. म्हशीनं हुंगलं, पान्हा सोडला. एवढी वर्षं मिरवलेला तोरा, आणि एका जुनेरावर भागलं की!

"बरं झालं," धोंडुबाई म्हणाली. तिला बरंही वाटलं नाही, वाईटही नाही.

मग रोज ती कट्ट्यावर नुसती बसायची. बर्फ झाला, पट्टा झाला, व्यायामही झाले. ठणका हळूहळू उतरत गेला. एका सकाळी क्रांतीनं फेसाळ दुधाचा पेला पुढं केला, तो तिनं उजव्या हातानंच घेतला.

"आत्या, दुखतंय का अजून?"

"न्हाय गं."

खरंच दुखत नव्हतं. तिनं कोपर चाचपलं, पुन्हा चाचपलं. पेला खाली ठेवला.

"मालक गेलं गं माझं!" म्हणत भरल्या कट्ट्यावर तिनं हंबरडा फोडला.