सगळ्यांनी ऐकलेली करकर

मित्रांनो, मी इंडोनेशियातल्या सेमारांग शहरातल्या बंदराजवळच्या गोदामातली एक जुनी लिफ्ट आहे. माणसांची नव्हे, मालाची. माझी जाळी गंजली आहे आणि दारावर सरकारी सील आहे. खरं तर तोंड दाखवायचीही लाज वाटते. पण तुम्ही लहान आहात, तुमच्यापुढे मन मोकळं करावं म्हणते.

तरुणपणी मी साखरेची पोती वाहिली. पुढे साखर गेली, गोदाम ओस पडलं आणि मालकांनी एकेक खोली छोट्या धंदेवाल्यांना भाड्याने दिली. तिसऱ्या मजल्यावर बु वार्तिनी चामड्याच्या चपला करू लागली; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला बु म्हणतात. दुसऱ्यावर सुगेंगची कपड्यांवरची छपाई. कुणी वेताच्या खुर्च्या विणी, कुणी पाकिटं शिवी. सगळ्यांचा माल माझ्याच पोटातून जाई. "ही आहे म्हणून आपण आहोत," असं बु म्हणायची तेव्हा मी फुगून जात असे.

मग माझी कप्पी करकरू लागली. सगळ्यांनी ऐकलं, पण बोलणार कोण? बुला वाटे, सुगेंगचा माल जास्त, आपण सांगितलं तर त्याला टोचल्यासारखं होईल. सुगेंगला वाटे, वडीलधाऱ्या बाईसमोर आपण कसं पुढे व्हावं? आमच्याकडे समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं बोलणं म्हणजे पापच. जो तो आपापल्या यंत्राला तेल घाली आणि माझ्यासमोरून एकमेकांकडे बघून गोड हसत निघून जाई. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

मालकांना तिथे हॉटेल काढायचं होतं. भाडेकराराची मुदत अजून बाकी होती. ती संपायच्या आत भाडेकरूंना घालवायचं तर इमारत धोकादायक ठरायला हवी. एके सकाळी त्यांचा व्यवस्थापक आला आणि नेमकी तेव्हाच मी किंचाळले. त्याचा चेहरा खुलला. "इमारत धोक्याची आहे. महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा," तो म्हणाला. निमित्त मीच त्याच्या हातात दिलं होतं.

दुपारी सगळे माझ्या पायथ्याशी चटया टाकून बसले. चहा झाला, सोयाबीनच्या वड्यांचं तळलेलं तेंपे संपलं, तरी कुणी विषय काढेना.

"अजून थोडं तळून आणू?" सुगेंगने विचारलं.

"आण, आण! पुढच्या महिन्यात रस्त्यावर बसून खाऊ," बु कडाडली. "अरे, कधीपासून ओरडतेय ही! तू ऐकलंस, मी ऐकलं. तोंडाला काय कुलपं लावली होती आपण?"

"बु, तुम्ही मोठ्या. मी कसा बोलणार?"

"आणि तू बोलत नाहीस म्हणून मी कशी बोलणार? छान जोडी जमली आपली!"

हशा पिकला आणि सगळ्यांची जीभ सुटली. एकट्याने कुणी व्यवस्थापकाशी बोलायचं नाही, खोली कुणी सोडायची नाही आणि नगरपालिकेचा तपासनीस आपणच बोलवायचा, असं ठरलं. मला नवा दोर आला, तेल आलं. इतके हात माझ्यावरून कधीच फिरले नव्हते.

तपासणीच्या दिवशी चामड्याचे गठ्ठे घेऊन मी निघाले. दुसऱ्या मजल्याच्या जरा अलीकडे कप्पीतलं झिजलेलं चाक अडकलं आणि मी लटकले. खाली सगळे माना वर करून बघत होते.

"बघितलंत ना साहेब?" व्यवस्थापक म्हणाला. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"हिची देखभाल कोणाकडे?" तपासनीसाने विचारलं.

पूर्वी सगळ्यांनी नजरा चुकवल्या असत्या.

"माझ्याकडे," बु म्हणाली. "चुकलं माझं."

"नाही साहेब, माझ्याकडे," सुगेंग पुढे झाला. मग वेतवाला, मग पाकिटवाली. मी वर लटकले होते आणि माझी लाज ती माणसं आपसात वाटून घेत होती.

"पण साहेब, जिना तर धड आहे ना?" बुने विचारलं. "लिफ्टला टाळं ठोका. ओझी आम्ही वाहू."

तपासनीस जिना चढला, भिंती ठोकून आला आणि त्याने सील लावलं ते फक्त माझ्या दारावर. माणसं राहिली. माझ्या मापाचं चाक मात्र आता कुठे मिळत नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो, सगळ्यांची वस्तू करकरू लागली, तर दुसरा कुणी बोलेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी बोला, तेलाचा थेंब घाला.

बु अजूनही पाठीवरच्या झोळीत चामडं बांधून जिना चढते. दुसऱ्या मजल्यावर दम खायला बसते आणि माझ्या जाळीवर हात टेकते. "लाजू नकोस गं," म्हणते, "आमच्यात ओरडणारी तू एकटीच होतीस." मग गुडघा धरून उठते आणि वर जाते. तिच्या पाठीवर ओझं असतं, आणि मी रिकामी.