न टोचलेलं पोतं

मित्रांनो, मी एक जुनी परखी आहे. पोत्यात खुपसली की आतलं धान्य बाहेर आणणारी टोकदार लोखंडी नळी. रेणापूरच्या विरूपाक्षअप्पांच्या अडत दुकानात माझं आयुष्य गेलं. ‘दिसतं तसं नसतं’ हे अप्पांचं पालुपद. वर टपोरं सोयाबीन आणि तळाशी माती, असली कितीतरी पोती आम्ही दोघांनी पकडली. सख्खे साडू ईश्वरप्पा माल घेऊन आले, तरी अप्पा मला खुपसल्याशिवाय भाव सांगत नसत. ईश्वरप्पा रुसायचे. बाजारात मात्र माझं नाव निघायचं आणि मीही जरा मिरवायचे.

अप्पांची मुलगी मंजुश्री बी.कॉम. झाली आणि नोकरी शोधून शोधून थकली. एके दुपारी ती दुकानात असताना फोन आला. नांदेडच्या कंपनीत हिशेबाचं काम, मुलाखत नाही, फक्त आधी अनामत भरायची. अप्पांनी फोन घेतला. पलीकडचा माणूस म्हणाला, “शरणार्थी, अप्पा.” हा लिंगायतांचा नमस्कार. वर त्याने आमच्या मठाचं नावही घेतलं. अप्पा विरघळले.

“अप्पा, हापिस कुठं हाय ते तर इचारा,” मंजुश्री म्हणाली.

“मठाचं नाव घ्यायलाय माणूस. त्याला कसं इचारावं? बरं दिसत न्हाई, पोरी.”

मी त्यांच्या मांडीजवळच पडले होते. अनामतीसाठी मंजुश्रीच्या आईच्या, पार्वतम्मांच्या पाटल्या मोडल्या.

रुजू व्हायच्या दिवशी मंजुश्री नवा ड्रेस घालून, डबा घेऊन नांदेडला गेली. पैसे भरल्यावर त्या माणसाने कळवलेल्या पत्त्यावर टायरचं दुकान होतं. फोन बंद. संध्याकाळी ती परतली तेव्हा डबा तसाच भरलेला होता. पार्वतम्मांनी तो तिच्या हातातून घेतला. पोलिसांत तक्रार दिली, पण अजून हाती काही लागलेलं नाही.

“ज्याला माणूस कळंना, त्यानं धान्य काय पारखावं,” म्हणत अप्पांनी मला खिळ्याला अडकवलं. मी तिथेच गंजते आहे. पोरीचा उतरलेला चेहरा रोज समोर दिसतो, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

मित्रांनो, नोकरी देणारा आधी पैसे मागू लागला तर थांबा. तो आपल्यातला म्हणवत असला, तरी पत्ता विचारा, स्वतः जाऊन बघा. खरा माणूस फार तर रुसेल. आमचे ईश्वरप्पा रुसायचे, पण दर हंगामात परत यायचे.

कालही ते आले. पायरीवरूनच म्हणाले, “शरणार्थी, अप्पा.”

अप्पा त्यांच्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. आजवर अप्पांच्या तोंडून उत्तरादाखल शरणार्थी आपोआप यायचा. काल तो आला नाही.