सतरावं झाकण

सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी तिच्या फोनवर निरोप आला : राइड पूर्ण.

ती तेव्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. हातमोजा न काढता तिने कोपराने फोन वळवला, दोन शब्द वाचले आणि पुन्हा कामाला लागली. म्हणजे तिचे वडील, अप्पा, घरी पोचले. हा निरोप रोज याच सुमाराला येई आणि रोज ती त्याचा एवढाच अर्थ घेई.

नऊ वाजून पाच मिनिटांनी त्यांच्या घराखाली दुकान असलेल्या शिंप्याचा फोन आला.

"ताई, अप्पा तुमच्याकडे रुग्णालयात आलेत का?"

"माझ्याकडे कशाला येतील? घरीच असतील. सव्वासातलाच पोचले."

"नाही हो. साडेसहाला जाताना पाहिलं मी. तेव्हापासून मशीन सोडून उठलो नाही. जिन्याखाली सायकलही नाही." मग शिंप्याला आठवलं. "खांद्यावर ती लोखंडी चावी होती त्यांच्या. मी म्हटलं, काय अप्पा, परत नोकरीवर घेतलं की काय? तर म्हणाले, पाणी राहिलंय."

तिने हातातली नळी रॅकमध्ये उभी ठेवली. मग हातमोजे काढले.

अप्पांनी चौतीस वर्षं शहराला पाणी सोडलं होतं. वर आडवी मूठ असलेली, छातीपर्यंत येणारी लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधायची, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली घालून व्हॉल्व्ह मोजून फिरवायचा, चावीच्या मुठीला कान लावून पाणी धावतंय ना हे ऐकायचं आणि पुढच्या झाकणाकडे जायचं. तेवीस झाकणं, ठरलेल्या क्रमाने. लोक त्यांना नावाने ओळखतच नसत. चावीवाले म्हणत.

निवृत्तीनंतर आठ वर्षं झाली होती आणि गेल्या दोन वर्षांत त्यांचं विसरणं वाढलं होतं. चहा घेतला की नाही, हे अर्ध्या तासात विसरत. दोनदा सायकलवरून वाट चुकले, दोन्ही वेळा लोकांनी आणून सोडलं. डॉक्टर म्हणाले, सायकल बंद करा. सायकलला कुलूप लावल्यावर अप्पांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

तेव्हा दूरच्या शहरात राहणाऱ्या धाकट्या भावाने तोडगा काढला. तो दर रविवारी शंभर-शंभर किलोमीटर सायकल हाणणारा. नवं जीपीएस यंत्र घेतल्यावर जुनं त्याने बहिणीला पाठवून दिलं. काडेपेटीहून थोडं मोठं, हँडलवर बसणारं.

"रस्ता दाखवतं, वळण आलं की वाजतं, वाट सोडली की ओरडतं," तो म्हणाला होता. "आपल्या आईपेक्षा कडक आहे. आणि ताई, अप्पांना बटणं दाबायला लावू नकोस. सुरू तू कर, बंद होण्याचं मी बघून ठेवलंय."

त्याने काय बघून ठेवलंय, हे तिने विचारलं नाही. नोकरी, घर, अप्पा. विचारायला वेळ कुणाला होता.

अप्पांचा जुना फेरा यंत्रात भरायचा, असं तिने मनाशी धरलं होतं. एका रविवारी समोर बसवून तिने तेवीस झाकणं त्यांच्याकडून लिहून घेतली. प्रयोगशाळेतल्या रद्द झालेल्या फॉर्मच्या पाठीवर. सकाळचं जेवण विसरणारा माणूस एकदाही अडखळला नाही. "चौथा शाळेच्या मागच्या भिंतीला. साडेनऊ फेरे, दहावा द्यायचा नाही. सहावा सावकाश. खाली जुना पाइप आहे, थडथडतो, माणसं घाबरून उठतात."

ती यादी यंत्राला काही पचेना. भिंतीमागचा बोळ त्याच्या नकाशात नव्हता. तिने बोटाने रेघ ओढली की ती आपोआप उडी मारून मोठ्या रस्त्याला जाऊन चिकटे. तीन रविवार ती झटत राहिली. एकदा मार्ग जतन झाला, तर सकाळी नवं सॉफ्टवेअर उतरवताना पुसला गेला. एकदा यंत्राने तेवीस ठिकाणांचा क्रमच बदलला, कारण म्हणे त्यात सव्वा किलोमीटर वाचत होतं.

"आधी खालचं उघडलं तर वर पाणी चढेल का?" अप्पा पडद्याकडे बघत म्हणाले होते. "याला कामाला कुणी लावलं?"

चौथ्या रविवारी तिने हात टेकले. यंत्राने स्वतः सुचवलेला सहा किलोमीटरचा गोल रस्ता भरून टाकला. अप्पा महिनाभर तो मुकाट्याने फिरून आले.

आज पहाटे घरातल्या नळाला पाणी नव्हतं. तिसरा दिवस.

"कुणीतरी विसरलं," अप्पा नळाखाली हात धरून म्हणाले.

तिची बस सुटायला दहा मिनिटं होती, अंघोळीसाठी खांद्यावर घेतलेला टॉवेल कोरडाच होता. "मग तुम्हीच जाऊन सोडा," ती म्हणाली. यंत्र सुरू करून ते अप्पांच्या हातात दिलं आणि ती जिना उतरली.

आता रुग्णालयाच्या फाटकापाशी उभं राहून ती ॲप उघडत होती. ॲपने आधी नवी आवृत्ती मागितली, मग पासवर्ड, मग करड्या चौकटीत एक गोल फिरत राहिला. तिने भावाला फोन लावला.

"मला दिसतंय," तो म्हणाला. "थांब. सहा एकतीसला निघाले. तिसऱ्या वळणाला मार्ग सोडला. मग अकरा वेळा सूचना दिलीय, मागे वळा, मागे वळा. सात आठला थांबले."

"सात अठरा. मला सात अठराला निरोप आला."

पलीकडे कळफलकाची टकटक ऐकू आली.

"अरे बोल ना."

"ताई, ते यंत्र दहा मिनिटं हललं नाही की राइड संपली असं धरतं आणि निरोप पाठवतं. अप्पा बटण दाबायला विसरतील म्हणून मी तसं लावलं होतं. घरी पोचले की नाही, ते त्याला कळत नाही."

"हे तू मला आज सांगतोयस?"

"तू विचारलंस कधी?" तो म्हणाला आणि लगेच आवाज खाली आणला. "मी पोलिसांना फोन करतो. ठिकाण पाठवलंय, तू तिथे जा."

शिंपी स्कूटर घेऊन आला. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती. नकाशावरचा ठिपका गिरणीच्या भिंतीपाशी होता. ते पोचले तेव्हा दहा वाजत आले होते. तिथे सायकल नव्हती, अप्पाही नव्हते. भिंतीच्या कठड्यावर यंत्र होतं, अप्पांच्या रुमालात नीट गुंडाळलेलं. दुसऱ्याची वस्तू परत न्यायला कुणी येईल म्हणून ठेवावी, तसं.

कठड्याखाली लोखंडी झाकण होतं. कडेची माती खरवडलेली, ताजी. तिने पिशवीतून यादीचा तो फॉर्म काढला. पाचवा : गिरणीची भिंत.

"सहावा कुठे?" शिंप्याने विचारलं.

पुढे त्यांनी यंत्र पाहिलंच नाही. ती मागे बसून यादी वाचत होती, शिंपी स्कूटर वळवत होता. सहावं झाकण. सातवं. आठव्या झाकणाशेजारच्या घरात एक बाई बादल्या, पातेली, लहान मुलाचा टब, जे हाताला लागेल ते भरत होती.

"म्हातारे गृहस्थ, सायकलवाले, दिसले का?"

"तेच ना चावीवाले? सोडलं त्यांनी पाणी. पाणी खात्याला मी तीन दिवस फोन करतेय, तर म्हणे संगणकात सगळं चालू दिसतंय." बाईने नळ बंद केला. "तुमचे कोण?"

"वडील."

"दमलेले दिसत होते. बसा म्हटलं, तर म्हणाले, पंधरा राहिलेत."

अकराव्या झाकणाला त्यांची टोपी सापडली. बाराव्या आणि तेराव्यामधली गल्ली खणून ठेवलेली होती, तिथे मातीत सायकलच्या चाकाची एकच रेघ होती, कडेने पावलं. म्हणजे सायकल हातात धरून गेले होते. भावाचा दर दहा मिनिटांनी फोन येत होता. पोलिसांनी वर्णन घेतलं होतं. पाणी खात्यालाही त्याने फोन केला, तर तिथल्या माणसाने त्याच्याकडेच तक्रार केली होती, की कुणी परवानगीशिवाय व्हॉल्व्ह फिरवतंय.

सतराव्या झाकणापाशी ते बाराला वीस मिनिटं कमी असताना पोचले. झाकणाची कड ओली होती. ती गुडघे टेकून बसली आणि त्या लोखंडाला कान लावला. खाली पाणी धावत होतं. एकसारखं, थडथड न करता.

"अठरावा?" शिंपी म्हणाला.

तिने वाचलं. "माळावर, शेवटच्या घरासमोर. घट्ट आहे, दोन्ही हात लावावे."

समोर माळ नव्हता. चार वर्षांपूर्वी झालेला सहापदरी रस्ता होता आणि त्यावरून मालट्रक न थांबता जात होते. अलीकडच्या पेट्रोल पंपावरच्या माणसाने अप्पांना पाहिलं होतं. अकराच्या सुमाराला, सायकल हातात, खांद्यावर काहीतरी लांब लोखंडी. रस्त्याच्या कडेला उभे राहून गाड्यांत खंड पडायची वाट बघत होते. बराच वेळ. मग एक गाडी पेट्रोल भरायला आली, तो वळला. पुन्हा पाहिलं तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पलीकडे गेले की आणखी कुठे, हे त्याला सांगता येत नव्हतं.

फॉर्मवर अठराव्यापुढे आणखी पाच ओळी होत्या.