लाल दोऱ्याचं पाकीट

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठामागे सगळ्या धर्मांची चिन्हं एका उंचीवर टांगलेली, कुणी रुसायला नको म्हणून. त्यांच्याखाली पांढऱ्या खुर्चीत प्रेमगुरू, आणि पुढ्यात पाकिटांची चळत.

"प्रेमाला अट नसते. सेवेला मोल नसतं."

अट एवढीच, की गेलेल्या माणसाला लिहिलेली चिठ्ठी त्यांच्याकडून घरी नेलेल्या पाकिटातच घालून आणायची. बंद पाकीट कपाळाला लावून ते आतला मजकूर सांगत आणि वरून उत्तर आणत. मग 'बरोबर आलं ना' म्हणत पाकीट फाडून चिठ्ठी नजरेखालून घालत, आणि पायाशी टाकत.

वह्या-पुस्तकं शिवणारी मुलगी वडिलांशेजारी बसली होती. आईला जाऊन तीन महिने झाले होते. गेल्या आठवड्यात गुरूंच्या तोंडून आईचा निरोप आला, मधुमेहाला प्रेम पुरतं. आणि वडिलांनी इन्सुलिन सोडलं. सकाळी साखर साडेचारशे होती.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"डॉक्टरांनी तुझ्या आईला वाचवलं का?"

तिने नजर पाकिटांच्या चळतीकडे वळवली.

पहिलं पाकीट कपाळाला लागलं. "बंधू, तुमचा भाऊ पाण्यात गेला." एक चष्मेवाला हुंदका देत उठला. गेल्या आठवड्यातही पहिला हाच उठला होता. तेव्हा त्याची बायको गेली होती.

"यांच्या घरात माणूस टिकत नाही," ती पुटपुटली.

"गप्प बस," वडील म्हणाले.

गुरूंनी पाकीट फाडलं, चिठ्ठी वाचली, मान डोलावली. फाटलेल्या झाकणाखालून लाल दोरा लोंबला. वही शिवायचा तो मेणाचा दोरा तिनेच घरी पाकिटाच्या आत चिकटवला होता.

गुरूंनी दुसरं पाकीट उचललं आणि डोळे मिटले. "आई, तू गेलीस तेव्हा मी दुकानात पुस्तक शिवत होते. फोन वाजला, मी उचलला नाही. हातातले टाके संपवू म्हटलं..." आवाज कातर झाला. "लेकी, आईने क्षमा केली आहे."

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. खोटं आहे हे माहीत असूनही क्षणभर ते उत्तर तिला हवंसं वाटलं. मग ती उठली.

"चिठ्ठी माझीच. पण हातातलं पाकीट माझं नाही. माझं तुम्ही मघाशी चष्मेवाल्यांचं म्हणून फाडलंत. लाल दोऱ्याचं, तुमच्या पायाशी पडलंय."

"ताई, शंका प्रेमाची वैरीण असते."

"मग हातातलं उघडून दाखवा."

गुरू पाकीट चळतीखाली सरकवू लागले. तेवढ्यात वडील गुडघ्यांवर हात टेकत व्यासपीठावर चढले आणि त्यांनी ते ओढून फाडलं. आत त्यांचंच अक्षर होतं: 'इन्सुलिन बंदच ठेवू का गं?'

मुलगी लोकांकडे वळली. "पहिला माणूस यांचाच असतो, त्याला पाकीट लागतच नाही. त्याच्या नावाने फाडतात ते आपल्यातल्या कुणाचं तरी. ते वाचायचं, आणि पुढचं पाकीट कपाळाला लावून तोच मजकूर बोलायचा. प्रत्येकाचं पाकीट एक पाळी आधी फुटतं. प्रेम करा, सेवा करा. त्याला पाकीट कशाला हवं? आणि कुणी मागितलंच, तर कपाळाकडे नका बघू, हाताकडे बघा."

चष्मेवाला तोवर बाजूच्या दाराशी पोचला होता.

वडिलांनी लाल दोऱ्याचं पाकीट उचललं आणि आतली चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली.

"फोनचं मला बोलली नाहीस."

"धीर झाला नाही."

"चल घरी. आधी टोचून घेतो. मग जेवताना सगळं सांग."