दहावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना दाबमापक आहे. कपडे धुऊन इस्त्री करणाऱ्या एका कारखान्याच्या दाराशी, काचेच्या कपाटात, मला मांडून ठेवले आहे. खाली पाटी आहे : ‘शौर्याचा साक्षीदार’. त्यातला ‘साक्षीदार’ हा शब्द बरोबर आहे. दुसऱ्या शब्दाबद्दल मला थोडे बोलायचे आहे.

माझी रचना साधी आहे. पोटात पितळेची एक वाकवलेली, पोकळ नळी आहे. वाफेचा दाब वाढला की ती किंचित सरळ होते आणि तिला जोडलेला काटा पुढे सरकतो. मला मत नाही, फक्त काटा आहे. बॉयलरवर बसवण्यापूर्वी माझी कसून तपासणी झाली आणि तबकडीवर दहाच्या आकड्याशी एक लाल रेघ ओढली गेली. हा बॉयलर दहापर्यंतच सोसेल, एवढाच तिचा अर्थ.

बॉयलर सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे मिस्त्री म्हणत. रोज सकाळी ते बाहीने माझी काच पुसत आणि म्हणत, “बोल बाबा, खरं काय ते बोल.” एकवीस वर्षे मी खरे तेच बोललो आणि त्यांनी ते ऐकले.

एका दुपारी काटा रेघ ओलांडून साडेदहाच्याही पुढे गेला. अशा वेळी जादा वाफ सोडणारी सुरक्षा झडप आपोआप उघडायला हवी. ती उघडली नाही. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा झडपेकडे. मग भट्टीचे इंधन तोडले आणि घंटा वाजवली. चाळीस माणसे आवारात धावली. इस्त्रीखात्यातल्या एक बाई, ज्यांना सगळे वहिनी म्हणत, त्या तर अनवाणीच पळाल्या. मिस्त्री सर्वांत शेवटी बाहेर पडले. ही नोंद मी मुद्दाम करतो, कारण दुसऱ्या कोणीच ती केली नाही.

बॉयलर फुटला नाही. तो निवल्यावर मुकादम आला आणि त्याने झडपेवर हातोडीचे दोन टोले हाणले. आत साचलेला क्षार निखळला, झडप उघडली.

“ही बघा, लोण्यासारखी चालतेय! उगाच बोंब ठोकलीत मिस्त्री.”

बिघाडाचा एकमेव पुरावा त्या दोन टोल्यांत नाहीसा झाला. मित्रांनो, जे घडले नाही ते कोणामुळे घडले नाही, हे सिद्ध करणे फार अवघड असते. कारखान्यातील चाळीस जणांनी मात्र त्याच संध्याकाळी निकाल लावला : मिस्त्री भित्रे आहेत.

“काय हो मिस्त्री,” वहिनी रोज विचारू लागल्या, “आज घंटा वाजवणार असाल तर आधीच सांगा. मी चपला घालूनच बसते.”

हशा पिके. मिस्त्रीही कसनुसे हसत. हा हशा एवढ्यावर थांबता, तर त्यांनी तो पचवला असता. पण त्यांची मुलगी त्याच इस्त्रीखात्यात होती. एके दिवशी ती डबा द्यायला आली आणि तिथेच उभी राहिली.

“बाबा, मला सगळे ‘घंटेची पोर’ म्हणतात. वाफ कमी पडते, कामं उरकत नाहीत म्हणून माझ्यावर डाफरतात. मुकादम म्हणतात, रेघ थोडी वर घेतली तर सगळं भागतं. घ्या ना! एवढं काय घाबरायचं?”

मिस्त्रींनी डबा बाजूला ठेवला. तो दिवसभर उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी काच पुसली, पण ‘बोल बाबा’ म्हटले नाही. काच काढून त्यांनी पात्याने दहावरची रेघ खरवडली आणि बारीक कुंचल्याने बारावर नवी ओढली. हात स्थिर होता. काम नेहमीसारखे नेटके झाले. बारापर्यंत झडप उघडू नये म्हणून मुकादमाने तिची स्प्रिंग दोन फेरे आवळली. माझी नळी तीच होती, काटा तोच होता. खोटे फक्त रेघ बोलत होती. पण चेहरा माझा होता. इतर कोणी हे केले असते तर मी त्याला अज्ञान म्हटले असते.

कारखान्यात मिस्त्रींचा मान परत आला. “आता कसे गडी झालात!” असे वहिनीही म्हणाल्या.

सातव्या आठवड्यात, मी साडेअकरा दाखवत असताना, इस्त्रीखात्यातल्या वाफेच्या नळाचा सांधा सुटला. क्षणात खोली पांढरी झाली. घंटा वाजवायला वेळच उरला नव्हता. मिस्त्री त्या वाफेत शिरले, नळाचे तापलेले चाक दोन्ही हातांनी फिरवून त्यांनी नळ बंद केला आणि मुलीला ओढून बाहेर आणले. ती वाचली. वहिनींची दोन्ही पावले मात्र भाजली.

पुढे सत्कार झाला. मलाही बॉयलरवरून काढून तिथे टेबलावर मांडले होते. मालकांनी मानपत्र वाचले. ‘निर्भय’ हा शब्द त्यात पाच वेळा आला. मिस्त्रींचे हात पट्ट्यांत होते, म्हणून मानपत्र मुलीने घेतले. मिस्त्री उभे राहिले आणि म्हणाले, “ती रेघ मीच वर...”

“हाच तो विनय!” मालक म्हणाले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या होत्या. त्यांच्या पायांत चपला नव्हत्या. घालता येत नव्हत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

मिस्त्री खाली बसले. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही.

आता माझा काटा शून्यावर असतो आणि काच रोज पुसली जाते. मित्रांनो, तुमची माझ्याकडे एकच मागणी असेल, की शौर्य कुठे आहे ते दाखव. मग जरा वाकून पाहा. बारावरच्या लाल रेघेकडे नको. दहाच्या आकड्याशी पात्याचा एक बारीक ओरखडा आहे, तिकडे पाहा. तिथवर येऊन एक माणूस थांबला होता, तेव्हा सगळे हसले होते. तुमच्यातला कोणी असा थांबला, तर निदान हसू नका.