पोळ्याला जुंपलेली दमणी

मित्रांनो, मी दमणी. दोन बैलांची, हलकी, फक्त माणसं बसायची गाडी. आता माझं एक चाक निखळलं आहे आणि अंगावर कोंबड्या बसतात, पण माझेही दिवस होते. सौंसरच्या सुताराने मला सागवानातून घडवलं, तेव्हा बोरगावकडच्या आमच्या गावात एवढी ऐटदार गाडी दुसरी नव्हती. संत्र्यांचे बागायतदार भगवंतराव माझे मालक. त्यांच्या घरच्या नवऱ्या माझ्यातच बसून सासरी गेल्या.

मला हाकायचा जयवंता. तो भगवंतरावांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला असलेला गडी. राहायचा बुद्धविहाराजवळ. माणसांपेक्षा तो बैलांशीच जास्त बोलायचा.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात जयवंताचा मोठा भाऊ चिंधू छातीत कळ येऊन गेला. सकाळपासून "ग्यास झाला" म्हणत सोडा पीत बसला आणि मग दवाखान्यात न्यायला गाडी मिळेना. मी तेव्हा गोठ्याशी रिकामी उभी होते. पण मला मागायला भगवंतरावांच्या दारात यायचा धीर कोणाला झाला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं.

ही गोष्ट दवाखान्यातल्या नर्स शकुंतलाबाईंच्या मनाला लागली. त्यांनी विहारातली मंडळी आणि संत्रेवाले शेतकरी एका सतरंजीवर बसवले. ठरलं असं की गाडी भगवंतरावांची, बैल शेतकऱ्यांचे पाळीपाळीने, हाकायला जयवंता आणि आत अंथरायला विहारातल्या बायकांनी शिवलेली गोधडी. कोणाच्या छातीत दुखून घाम फुटला, तर विचारत न बसता गाडी जुंपायची. बाई दर आठवड्याला येऊन ब्लडप्रेशर मोजायच्या, एकदा विहारात, एकदा मारुतीच्या ओट्यावर. मीठ कमी खा, बिडी सोडा, हे त्यांचं पालुपद. लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन लोणचं वाढून घ्यायचे.

मी काही जणांना वेळेवर पोचवलं. माझं कौतुक झालं, चाकांना वेळच्या वेळी वंगण मिळू लागलं.

मग पोळा आला. आदल्या संध्याकाळी जयवंताने नेहमीप्रमाणे बैलांची खांदेमळणी केली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळलं, कानाशी लागून म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सजलेले बैल घेऊन उभा असताना जयवंता एकदम खाली बसला.

"काही नाही जी, ग्यास झाला," तो म्हणाला.

त्याची बायको मालती धावत आली. त्याच्या कपाळावर हात ठेवून ओरडली, "चिंधूभाऊले असाच घाम सुटला होता! दमणी आना!"

पावसाने रस्त्यात चिखल, जीप येणं शक्य नव्हतं. भगवंतराव क्षणभर रंगवलेल्या शिंगांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जुंपा बैल."

"नोका जी, मालक," जयवंता कण्हत म्हणाला. "काल मी त्याईले आवतन देलं. आज जू ठेवलं तं मी त्याईले तोंड कसं दाखवू? बैल जुंपले तं मी बसत नाही."

जीव जायची वेळ आणि हा माणूस हट्टाला पेटलेला! मला रडू यायचं बाकी होतं.

"काहून जीवावर उठून राहिला रे?" भगवंतरावांनी डोक्यावरचा पटका सोडला, घडी करून खांद्यावर टाकला आणि माझं जू उचललं. "नाही जुंपत बैल. निज गाडीत."

एका माणसाला जू पेलत नाही. विहाराचे तुळशीराम पुढे आले आणि त्यांनी दुसरं टोक खांद्यावर घेतलं. मागून पोरं ढकलू लागली. बैलांची चाल त्या दोघांना कुठली! एक इकडे ओढी, एक तिकडे. चिखलात चाक रुतलं की मला माझ्याच वजनाची लाज वाटे. मालती आत नवऱ्याचा हात धरून बसली होती. सौंसर येईपर्यंत दोघांची चाल एक झाली होती.

"वेळेवर आणलंत," डॉक्टर म्हणाले.

जयवंता बरा होऊन घरी आला, तो पहिल्याच संध्याकाळी तुळशीरामांना घेऊन भगवंतरावांच्या अंगणात आला. हातात हळद आणि लोण्याची वाटी होती.

"मालक, सदरा काढा."

"येडा झाला का बे?" भगवंतराव म्हणाले, पण सोललेले खांदे लपवता आले नाहीत. जयवंताने दोघांचे खांदे सावकाश मळले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

इतकी वर्षं जयवंता त्यांच्या अंगणात जेवला होता. भगवंतरावांनी त्याच्या घरचं पाणीही कधी घेतलं नव्हतं.

मित्रांनो, माझी दुरुस्ती करा असं मी म्हणत नाही. आता चांगल्या रस्त्याने जीप येते. पण कोणी छाती धरून "ग्यास झाला" म्हणाला, तर त्याचं ऐकू नका. आणि ज्याच्या दारी गाडी उभी असेल, त्याने कोणी मागायला येण्याची वाट बघू नये.

दुसऱ्या दिवशी भगवंतराव जयवंताच्या घरी जेवायला बसले. पहिला घास घेऊन म्हणाले, "मालती, वरनात मीठ कमी हाय."

"हाय जी," ती म्हणाली. "आता तुमच्याही घरी असंच कराले सांगा."

त्यांनी दुसऱ्यांदा वरण मागितलं.