खंडेनवमीला काढलेली कॉइल

शिनोलीत हौशीरामच्या पडवीला त्याची फटफटी वर्षभर उभी होती, आणि सगळ्या गावात तिच्याकडं न बघता जाणारा एकच माणूस होता, तो म्हणजे भगवंत. बरं, शेताची वाटही नेमकी त्याच पडवीवरून. जाता-येता मान अशी खाली घालायचा, की बघणाऱ्याला वाटावं ह्याचं काहीतरी वाटेत पडलंय. गावानं सुरुवातीला बघितलं, मग तेही बघायचं सोडून दिलं.

एके काळी हाच भगवंत त्या पडवीतून उठता उठत नसे. हौशीराम आणि तो, दोघंही शेतकरी, दोघांकडं एकाच कंपनीची, एकाच ठेवणीची जुनी टू-स्ट्रोक गाडी. मेकॅनिक कुणीच नव्हे. पण रविवार उजाडला की ह्यांनी गाडी खोललीच म्हणून समजा, आणि बरी चाललेली गाडीसुद्धा खोलायचे, हे विशेष. परातीत रॉकेल ओतून नटबोल्ट भिजत घालायचे, प्लग घासायचा, कार्बोरेटरच्या बारक्या भोकात फुंकर मारायची, चेनला तेल सोडायचं. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधलं बारीक अंतर मोजायला हौशीराम लग्नपत्रिकेचा तुकडा वापरायचा. पत्रिका जाड लागायची. पातळ पत्रिका आली की म्हणायचा, ह्या लग्नाचा गाडीला काय उपयोग न्हाई. घोडेगावहून पारस यायचा, कापडवाल्या हस्तीमलशेठचा मुलगा. दुकानात गादीवर बसणारा माणूस, पण हात काळे करायची त्याला भारी हौस. सगळं जोडून झालं की तिघं तळेघरपर्यंत चहा प्यायला जायचे आणि गाडी घाटात कशी ओढली ह्याच्यावर आठवडाभर बोलायचे.

हौशीरामची बायको लंकाबाई चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, भावजी, त्या गाड्यांना जेवढी अंघोळ घालता तेवढी कधी बैलाला घाला. सख्खा दीर संपत तिच्याच हाताखाली वाढलेला, त्याला ती नावानं हाक मारी. भावजी म्हणजे भगवंत.

दोघांच्या गाड्यांचं सामान कुणाचं कुणाकडं आहे हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. एकाचं काही बिघडलं की दुसऱ्याच्या गाडीचं काढून लावायचं, नवीन आलं की परत. त्यात मागणंबिगणं काही नसायचं. आणि त्याच रीतीनं घात केला.

गेल्या साली खंडेनवमीच्या दिवशी भगवंतच्या गाडीचा करंट गेला. टाकीखालची कॉइल जळाली होती, आणि तिच्याशिवाय प्लगला ठिणगी नाही. दुसऱ्या दिवशी दसरा, पिंपळवंडीला मेव्हण्याच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा, आणि जावई गेला नाही तर बायकोच्या, ठमाबाईच्या, माहेरच्यांनी पुढच्या दसऱ्यापर्यंत ऐकवलं असतं. घोडेगावात कॉइल मिळेना. दिवस मावळायला तो हौशीरामकडं आला, तर पडवीत विळे, कोयते, पाने, पकडी, स्क्रूड्रायव्हर सगळं धुऊन पाटावर मांडलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, वर झेंडूची फुलं. खंडेनवमीला हत्यारं पूजेत ठेवली की दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. लंकाबाई तेच म्हणाली, की एवढी रात जाऊ द्या, सकाळी पूजा हलवली की खुशाल काढा. पण भगवंतला पहाटेच निघायचं होतं.

हौशीराम हसला. "मला उद्या कुठं जायचंय? घिऊन जा," म्हणाला, आणि पाटावरचा पाना उचलून स्वतःच्या हातानं कॉइल काढून दिली. पाना परत जागेवर ठेवताना त्याच्या काळ्या बोटांना हळद लागली होती. लंकाबाईनं तरी चहा केला.

दसऱ्याच्या पहाटे हौशीरामच्या छातीत कळ आली. गावातल्या जीपा, टेम्पो झेंडू घेऊन बाजाराला गेलेले. त्या दिवशी शिनोलीत चाक म्हणून शिल्लक राहत नाही. संपत म्हणाला, मी चालवतो, वयनी तुमी मागं धरून बसा, आणि भावाच्या गाडीला किक मारायला लागला. मारतोय, मारतोय, घामानं निथळला, गाडी दाद देईना. लंकाबाई नवऱ्याला सावरून बसली होती. तेव्हा खाटेवरून हौशीराम बोलला, "संपत, मारू नगं. कॉइल न्हाई तिच्यात." त्यानंतर तो काही बोलला नाही.

कुणीतरी पळत जाऊन दुधाचा टेम्पो आणेस्तोवर ऊन वर आलं होतं. घोडेगावच्या वेशीत हौशीराम गेला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं. डॉक्टर लोक म्हणतात तसंच म्हणाले, त्यांचं त्यात काही चुकलं नाही.

भगवंतला पिंपळवंडीत निरोप मिळाला तेव्हा तो ताटावर बसला होता. तसाच उठला, गाडीवर टांग टाकली आणि निघाला. एका किकेत चालू झाली गाडी. मित्राच्या मातीला तो मित्राच्याच कॉइलवर आला, आणि हे त्याच्या ध्यानात आलं ते अर्धी वाट मागं पडल्यावर. तिथं त्यानं गाडी थांबवली होती म्हणतात. पण थांबून काय करणार, पुढं जायचं तर तीच कॉइल पाहिजे होती.

तेरावं झाल्यावर नवी कॉइल आणून त्यानं आपल्या गाडीला लावली, हौशीरामची फडक्यात गुंडाळून लंकाबाईपुढं धरली. तिनं फडक्याकडं बघितलं आणि घरात निघून गेली. तेव्हापासून ती त्याच्याशी बोललेली नाही. ठमाबाईशी नळावर दोन शब्द व्हायचे. भगवंत दिसला की तोंड दुसरीकडं. संपतनं गाडी विकायचं काढलं, तर म्हणाली, तिला कुणी हात लावायचा न्हाई.

गावानं मात्र आपला निकाल कधीच लावून टाकला होता. पूजेतलं हत्यार उचललं, देवाला खपलं नाही. पारावर हेच, लग्नाच्या मांडवात हेच. भगवंतनं ह्याला कधी हो म्हटलं नाही, पण नाहीसुद्धा म्हटलं नाही. कशाला म्हणेल? देवावर गेलं तेवढं त्याच्यावरचं कमी होत होतं. पण धार काढताना, मोटर चालू करताना, केव्हाही, त्याच्या कानात संपतच्या त्या रिकाम्या किका वाजायच्या. तो तिथं नव्हता, त्यानं त्या ऐकल्या नव्हत्या, तरी वाजायच्या. कॉइल देवळीत फडक्यात होती, आणि तिथला दिवा लावायचं काम त्यानं ठमाबाईकडं दिलं होतं.

भाद्रपदात पारस भगवंतच्या घरी आला. त्यांच्यात, जैन लोकांत, वर्षातून एक दिवस असतो, त्या दिवशी हात जोडून सगळ्यांची माफी मागतात. दरवर्षी तो भगवंतकडं येऊन मागायचा आणि भगवंत त्याची चेष्टा करायचा, की शेठ, कापड कमी मोजलं त्याची वेगळी माग. ह्या वर्षी चेष्टा झाली नाही. पारस बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला की तू वयनींकडं जा. भगवंत म्हणाला, त्या बोलत नाहीत. पारस म्हणाला, आमच्यात समोरचा काय बोलतो त्याच्यावर काही नसतं, मागणं तेवढं आपल्या हातात. तरी भगवंत गेला नाही. त्याला माफी मागायची भीती नव्हती. लंकाबाई एखाद्या दिवशी तोंड उघडून काय म्हणेल, ह्याची होती.

आणि मग खंडेनवमी आली. सकाळी ठमाबाई नळावरून घागर घेऊन आली ती तशीच दारात उभी राहिली. म्हणाली, लंकाबाईनं सांगितलंय, आज हत्यारं धुवायचीत, पूजेच्या आधी ते सामान बसवून द्या म्हणावं.

भगवंतनं देवळीतलं फडकं काढलं. पायात वहाण घालायचीसुद्धा त्याला आठवण राहिली नाही.

पडवीत पोतं टाकलेलं होतं, त्यावर हौशीरामची हत्यारं, तांबेरलेली. लंकाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. भगवंत कामाला लागला. वर्षभर उभ्या गाडीचं जे व्हायचं ते सगळं झालं होतं. टाकीत तळाला गाळ, कार्बोरेटरमध्ये चिकटा, क्लच चिकटलेला, सीटखाली उंदराचं घर. टाकी खंगाळली. कार्बोरेटरचे बारके जेट रॉकेलात घालून फुंकले. प्लग घासला. पंपानं हवा मारली. कॉइल जागेवर बसवून वायरी जोडल्या, आणि पॉइंट पॉलिशपेपरनं घासून झाल्यावर तो अडला. पॉइंटचं अंतर लावायचं होतं आणि पत्रिका आणायचं त्याला सुचलं नव्हतं.

त्यानं मागितली नव्हती. पण लंकाबाई उठली, आत गेली, आणि पत्रिकेचा एक तुकडा त्याच्या शेजारी पोत्यावर ठेवून परत जागेवर जाऊन बसली. एका कडेला गणपतीची सोंड राहिली होती, बाकी सगळा काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेला. भगवंतनं तो सोंडेच्या कडेला धरून पॉइंटमध्ये घातला.

पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकीत ओतलं आणि तो किकवर उभा राहिला. खरं सांगायचं तर त्या क्षणाला त्याला वाटत होतं, होऊ नये चालू. कॉइल लावूनही ही चालू झाली नाही, तर मग त्या दिवशीही झाली नसती असं म्हणता येईल. माणसाचं मन असं असतं, त्याला काय करायचं. पहिल्या किकेला काही नाही. दुसरीला खोकली. संपत गोठ्यातून बाहेर येऊन उभा राहिला. मग एकदम निळा धूर सुटला आणि पडवी त्या आवाजानं भरून गेली. गावाला तो आवाज ओळखीचा होता. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या कुशाबाईनं दारात येऊन डोळ्याला पदर लावला.

लंकाबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला, चपला घातल्या.

"घोडेगावला घ्या," ती म्हणाली. "डॉक्टरच्या दारापत्तोर."

संपत पुढं झाला, पण त्यानं वहिनीचा चेहरा बघितला आणि वाट सोडली. ती मागं एका अंगानं बसली, हातानं कॅरियर धरून. भगवंतला सगळं समजलं. ती वाट मोजायला निघाली होती. आजवर गावानं, देवानं, डॉक्टरांनी जे सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं होतं. आता तिला स्वतः बघायचं होतं, की गाडी असती तर काय झालं असतं.

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंनी झेंडूचे तोडे चालले होते, बायका पाट्या भरत होत्या. भगवंतच्या मुठीखाली ॲक्सिलेटर होता, आणि त्याच्या मनात जे आलं ते वाईट होतं. हळू घेतली तर वाट लांबेल. खड्ड्यांचं निमित्त होतं, जुनी गाडी हे निमित्त होतं, बाईमाणूस मागं बसलंय हे तर सगळ्यात मोठं निमित्त होतं. थोडं सावकाश, आणखी थोडं सावकाश, आणि तिलाही वाटेल की नसतंच जमलं. तिलाही बरं वाटेल, असंसुद्धा त्यानं स्वतःला सांगून बघितलं. हात ढिला पडलाच होता. पण गाडी हौशीरामची होती. गाडीला काही झालं की हौशीराम आधी बघायचा, मग बोलायचा. न बघता त्यानं कधी काही ठरवलं नाही.

भगवंतनं मूठ पिळली. भाऊ मागं तळमळतोय म्हटल्यावर संपतनं जशी हाणली असती, तशीच त्यानं गाडी हाणली.

वेस आली आणि गेली. वेशीत लंकाबाईचा हात कॅरियरवर घट्ट झाला ते त्याला सीटमधून कळलं. डॉक्टरांच्या दारापुढं त्यानं गाडी बंद केली. ती उतरली. पायरीजवळ उभी राहून आल्या वाटेकडं बघत राहिली. आत पेशंट बसले होते, बाहेर फुलांच्या माळा विकायला बसलेल्या बाया भाव सांगत होत्या.

भगवंत गाडीवरून उतरला. "वयनी," तो म्हणाला, "लोक पूजेचं म्हणत्यात. त्यात काय न्हाई. मी ऐकून घेतलं वर्सभर, मला सोयीचं व्हतं. कॉइल माझ्या गाडीत व्हती, एवढंच हाय."

"मला ठावं हाय," लंकाबाई म्हणाली. "संपत किका मारत व्हता तवाच ठावं झालं. वाट तेवढी बघायची व्हती."

तिनं परत एकदा वेशीकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं, वर्षानं पहिल्यांदा.

"येळंत पोचले असते, भावजी."

"व्हय, वयनी," तो म्हणाला.

पूजा मांडायची होती, हत्यारं पुसायची राहिली होती. भगवंत गाडीवर बसला, किकवर पाय ठेवला, पण पाय नुसताच घसरला. त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. लंकाबाई त्याच्याजवळ येऊन थांबली.

"आधी डोळं पुसा," ती म्हणाली, "मग किक मारा."